घरतबाई, तेल वरूनच गळत होतं

बाई,

गुरुवारी तुमच्या शाळेत शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. चौथीच्या वर्गातला बाक, गुडघे मावत नव्हते. देशमुख सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तुमची ती तेलाची गोष्ट सांगितली. मिलिंद तेव्हा नवीन होता, त्याचं निदान चुकलं, पण आपली चूक त्याने आपणच शोधली आणि बाईंना तोंडावर सांगितली. बाई म्हणायच्या, असा मेकॅनिक शोधून सापडणार नाही. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, "मिलिंद आलेला आहे. त्याने दोन शब्द बोलावेत."

मी उभा राहिलो. "बाई..." एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटला. पण खरं कारण ते नव्हतं.

ही गोष्ट तुम्ही आठ वर्षं सांगत राहिलात. उत्तनच्या डॉक्टरांना सांगितलीत, नवघरच्या तुमच्या भावकीत सांगितलीत, शाळेत ज्याने ज्याने म्हणून जुनी गाडी किंवा स्कूटर घेतली त्याला सांगितलीत. माझं गॅरेज त्या गोष्टीवर चाललं. पाटीवरचा रंग उडाला तरी मी परत दिला नाही, कारण पाटी वाचून कोणी येतच नव्हतं. येणारा माणूस शेडच्या तोंडाशी उभा राहून विचारायचा, "घरतबाईंचा मेकॅनिक तूच काय?"

बाई, ती गोष्ट तशी घडली नव्हती.

तेव्हा हाटकेशला शेड भाड्याने घेऊन मला तीन महिने झाले होते. त्याआधी मी दहिसरला एका उस्तादाकडे सहा वर्षं काढली. उस्तादाचा हात सोन्यासारखा होता, पण त्याचा एक धडा होता. तो म्हणायचा, "पहले गिऱ्हाईक का चेहरा देखने का, फिर बोनेट खोलने का." परभणीकडच्या गावातून आलेला मी, मला उस्ताद सांगेल ते शास्त्र होतं. घरी सुनंदाला सहावा महिना चालू होता, आणि शेडमध्ये दिवसाला एखादी रिक्षा आली तर आली.

अशात एका शनिवारी दुपारी तुम्ही आलात. करड्या रंगाची जुनी गाडी, स्टिअरिंगलाच गिअर असलेली. तुमच्या भावाने नवी गाडी घेतली तेव्हा ही तुमच्या वाट्याला आली, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई एकट्याच गाडी चालवत आल्यात, आणि शेडमध्ये वळताना समोर कोणीही नसताना दोनदा हॉर्न वाजवलाय.

"तेल गळतंय रे," तुम्ही म्हणालात. "अंगणात रोज बशीएवढा डाग पडतोय. सोमवारी उत्तनला शाळेत जायचंय, बरोबर दोन शिक्षिका असतात. वाटेत बंद पडायला नको."

मी खाली वाकून बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथून थेंब पडत होता. आता त्या जागी थेंब पडतो त्याची कारणं दोन. आतलं मागचं ऑइल सील गेलं असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दोन दिवसांचं काम. नाहीतर तेल इंजिनच्या वरच्या झाकणातून येत असतं. झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग कडक होतं, तेल तिथून सुटतं, इंजिनच्या पाठीवरून ओघळतं आणि खाली येऊन नेमकं त्याच जागी टपकतं. तसं असेल तर पॅकिंग बदललं की झालं, अर्ध्या तासाचं काम. वरून की मागून, हे इंजिन साफ करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मी बघितलं नाही. गाडीकडे बघितलं नाही, तुमच्याकडे बघितलं.

"गिअरबॉक्स उतरवावा लागेल, बाई. मागचं सील गेलंय. क्लचप्लेट पण भिजली असणार, बदललेली बरी."

"किती होतील?"

मी आकडा सांगितला. शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराच्या वर जाणारा होता. तुम्ही दचकला नाहीत. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तिच्याकडे जरा वेळ बघत राहिलात.

"हा फोटो लावलायस, म्हणजे शिकलेला असणार तू."

"दहावी झालोय."

"मग लिहून दे. कुठून गळतंय, काय करायचं, आणि तेच का करायचं."

"असं कोणी लिहून देत नाही, बाई. इथे सगळं तोंडीच असतं."

"बरं. मग दाखव तरी. कुठून गळतंय ते मला डोळ्यांनी बघू दे."

मी म्हणालो, सगळीकडे तेलाचा थर आहे, काय दिसणार. तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरात तेलाचा डबा पाझरायला लागला की आम्ही आधी तो पुसून कोरडा करतो. मग बघतो. तुमच्यात तसं नसतं का?"

मी रॉकेल आणून इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं. तुम्ही पिशवीतून खडूचे तुकडे काढलेत, कागदात घालून पान्याने ठेचलेत आणि ती पांढरी पूड माझ्या हातावर ओतलीत. "ही लाव वरपासून खालपर्यंत. पांढऱ्यावर ओलं दिसेल." मग इंजिन चालू ठेवायला सांगितलंत आणि एका उलट्या खोक्यावर बसून पेपर तपासायला लागलात. सहामाही परीक्षा झाली असावी. गाडी घुरघुरतेय, शेडमध्ये रॉकेलचा वास भरलाय, आणि तुम्ही मांडीवर गठ्ठा ठेवून लाल पेनाने बरोबरच्या खुणा करताय.

अर्धा तास झाला असेल. मी टॉर्च घेऊन इंजिनच्या पाठीमागे वाकलो. पांढऱ्या पुडीवर वरच्या झाकणाच्या कोपऱ्यापासून एक काळी रेघ निघाली होती आणि सरळ खाली गेली होती. इतकी स्पष्ट की लहान पोरालाही कळली असती. तेल वरून येत होतं.

आता जे सांगतोय ते मी कालपर्यंत सुनंदालाही सांगितलं नव्हतं. माझ्या डाव्या हातात फडकं होतं. तुमचं डोकं पेपरात होतं. ती रेघ पुसून खालच्या बाजूला बोटभर तेल लावायला मला दोन सेकंद पुरले असते. मी फडकं तिथपर्यंत नेलंही होतं. तेवढ्यात तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि उठलात. मी घाईघाईने म्हणालो, "बाई, वरून गळतंय. माझं चुकलं. गिअरबॉक्सचं काही नाही, नुसतं पॅकिंग आहे."

तुम्ही उठला नसतात तर मी बोललो असतो का? आठ वर्षं विचार करतोय. मला सांगता येत नाही.

तुम्ही मात्र वाकून रेघ बघितलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "शाब्बास. स्वतःची चूक स्वतः शोधलीस." चौथीतल्या मुलाला म्हणावं तसं. मी पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले, पॅकिंगचे आणि अर्ध्या तासाच्या मजुरीचे पैसे घेतले. जाताना तुम्ही परत दोनदा हॉर्न वाजवलात. पुढच्याच आठवड्यात देशमुख सर स्कूटर घेऊन आले. बाईंनी पाठवलंय म्हणाले.

पुढे तुम्ही मला लिहायला लावलंतच. कागदाचे दोन भाग करायचे, डावीकडे 'दिसलं ते', उजवीकडे 'वाटतं ते'. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते डावीकडे लिहायचं नाही. तुमच्या गाडीचा पहिला कागद मी तुम्हाला दिला, तो दुसऱ्या दिवशी लाल शाईने रंगून परत आला. मी 'सील'ची वेलांटी पहिली काढली होती, 'दुरुस्ती'तला पहिला उकार दुसरा केला होता, 'झिजलेले'चं 'झीजलेले'. खाली दहापैकी सहा गुण. सुनंदाने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तिला फार हसू आलं होतं. तुम्ही तिलाही नंतर सोडलं नाहीत म्हणा. आमची प्रज्ञा तीन वर्षांची झाली तसं तिला दर रविवारी तुमच्याकडे पाठवायला लावलंत. मग तिला सोडायला मी, आणायला सुनंदा. तुमच्या ओटीवर बसून आम्ही किती चहा प्यायलो असू, आणि दिवाळीला किती करंज्या खाल्ल्या असतील!

त्या कागदावरून मात्र आपलं भांडण मिटलं नाही. काशिमिऱ्याचा एक माणूस माझ्याकडून सगळं लिहून घेऊन गेला आणि तो कागद दुसऱ्या गॅरेजवाल्याला दाखवून काम स्वस्तात करून आला. मी चिडून तुमच्याकडे आलो होतो.

"बघा, बाई. तास घालवला मी त्या गाडीखाली. माझं डोकं, आणि पैसे त्याने कमावले."

"म्हणजे तुझं निदान बरोबर होतं," तुम्ही म्हणालात. वर हसत होतात.

"निदानावर घर चालत नाही."

"मग निदानाचे पैसे घे. डॉक्टर घेतात ना तपासायचे?"

"डॉक्टरला देतील, बाई. मला नुसतं बघायचे कोण देणार? या भागात तरी कोणी देणार नाही."

"तू मागून तर बघ."

मी कधी मागितले नाहीत. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचात, "मागितलेस?" मी नाही म्हणायचो. मला अजूनही वाटतं की तुमचं म्हणणं शाळेत ठीक होतं, हाटकेशला नाही. पण आता विचारणारं कोणी नाही म्हटल्यावर त्यात मजा राहिली नाही.

आणि मग गेल्या वर्षीचं ते. शोकसभेत कोणी त्याबद्दल बोललं नाही, कारण तुम्ही ते कोणाला सांगितलंच नसणार.

गेल्या वर्षी हिवाळ्यात तुमची गाडी परत तेल टाकायला लागली. मी इंजिन धुतलं, पुसलं, पूड लावली. वरचं झाकण कोरडं ठणठणीत. तेल खालून येत होतं, आणि या वेळी खरोखरच मागचं सील गेलं होतं. गिअरबॉक्स उतरवायला हवा होता. तुमच्या आईचं पायाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ही कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण वेगळं होतं. गिअरबॉक्स हा शब्द तुमच्यासमोर दुसऱ्यांदा काढायची माझी छाती झाली नाही. वाटलं, बाई म्हणतील, परत तेच? आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतील, आणि पहिल्या वेळचंही सगळं त्यांच्या ध्यानात येईल.

म्हणून मी म्हणालो, "किरकोळ झिरपतंय, बाई. जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. दर आठवड्याला तेल बघत जा, कमी झालं तर घालू. वर्षभर काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

आणि त्या वेळी मी कागद लिहिला नाही. तुम्हीही मागितला नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मागितला नाहीत, कारण मी सांगितलं म्हणजे ते बघूनच सांगितलं असणार, असं तुम्ही धरून चालला होतात.

दोन महिन्यांनी तुमच्या शाळेतल्या तीन मुली स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होत्या. केंद्र भाईंदरला. कोळीवाड्यातल्या मुली, सकाळच्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही आदल्या रात्री उत्तनला एका शिक्षिकेकडे मुक्काम केलात आणि सकाळी मुलींना घेऊन निघालात. डोंगरीच्या चढावर गाडीने दम सोडला. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही. तेल क्लचप्लेटवर गेलं होतं, प्लेट नुसती घसरत होती. तुम्ही हँडब्रेक ओढलात, मुलींनी चाकांमागे दगड लावले. मागून मासळीचा टेम्पो येत होता. तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो थांबवलात. दोन मुली पुढे ड्रायव्हरजवळ कोंबल्यात, तिसरीला घेऊन स्वतः मागे, बर्फाच्या आणि बोंबलांच्या टोपल्यांमध्ये. परीक्षेच्या दारात पोचलात तेव्हा पेपर वाटून झाले होते. आत घेतलं त्यांनी, पण पंधरा मिनिटं गेली. त्यातली एक मुलगी गणिताच्या पेपरात रडत बसली होती, हे तुम्ही मला सांगितलंत.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही रिक्षाने गॅरेजवर आलात. गाडी मी रविवारीच दोरी लावून ओढून आणली होती. तुमचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तुम्ही खोक्यावर बसलात. पदराने चष्मा पुसलात.

"मिलिंद, हे तुला दिसलं होतं का?"

"हो, बाई."

"गिअरबॉक्स उतरवायचा आहे हे माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्हाला खर्च झेपणार नाही असं वाटलं."

"ते तू ठरवायचंस? माझ्या अंगावरच्या दागिन्यांचं काय करायचं, आईच्या औषधाचं काय करायचं, ते मी बघितलं असतं. नाहीतर गाडी दारात उभी केली असती आणि मुलींना घेऊन आदल्या दिवशी भाईंदरला राहिले असते. मला खरं माहीत असतं तर मी काहीतरी केलं असतं ना? पहिल्या वेळी लहान काम होतं, तू मोठं सांगितलंस. या वेळी मोठं होतं, तू लहान सांगितलंस. मी विचारायचं कोणाला?"

तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालोही, "बाई, ते पहिल्या वेळचं... तुम्हाला जे वाटतं ना, ते तसं..."

तुम्ही हात वर केलात. वर्गात गलका झाला की करत असाल तसा. "पहिल्या वेळचं राहू दे. आत्ताचं सांग. आणि लिहून दे."

मी लिहून दिलं. दिसलं ते डावीकडे. मजुरी घेणार नाही म्हणालो, तर म्हणालात, "फुकट करणार असशील तर गाडी दुसरीकडे नेते." गिअरबॉक्स उतरवला त्या दिवशी तुम्ही शाळा सुटल्यावर बघायला आलात, ते फाटलेलं सील हातात घेऊन उलटसुलट केलंत, आणि "एवढंसं असतं होय हे!" म्हणालात. त्यानंतर पुढच्या रविवारी मी प्रज्ञाला सोडायला आलो तेव्हा ओटीपर्यंत न येता फाटकाशीच थांबलो होतो. तुम्ही आतून ओरडलात, "मिलिंद, चहा टाकलाय." विषय संपला होता. तुमच्यापुरता तरी.

मी ठरवलं होतं, एक दिवस सगळं सांगायचं. सुट्टी लागू दे, पाऊस उघडू दे, तुम्ही निवृत्त होऊ द्या, असं करत राहिलो. तुम्ही इतक्या लवकर जाल असं धरलं नव्हतं. कोणीच धरलं नव्हतं.

काल शनिवारी नवघरला तुमच्या घरी गेलो. एकटाच. ओटीवर सतरंजी होती, गावातली चार-पाच माणसं बसली होती. तुमच्या भावजय, मंदावहिनी, शेजारून आलेला चहा लोकांना देत होत्या. तुमची आई आतल्या खोलीत पडून होती, मी तिच्या पाया पडून आलो. वहिनींनी माझ्या हातात कप दिला आणि तिथल्या माणसांना सांगायला लागल्या, "ह्यो मिलिंद. आमच्या ताईचा मेकॅनिक. तिनं सांगितलेली ती तेलाची गोष्ट, ती ह्याचीच."

गुरुवारी मी गप्प बसलो होतो. काल नाही बसवलं. कप खाली ठेवला.

"वहिनी, ती चूक नव्हती. मी गाडी बघितलीच नव्हती. बाई एकट्या आहेत, त्यांना काय कळतंय म्हणून खोटं सांगितलं होतं."

ओटीवरचे सगळे माझ्याकडे बघत राहिले. वहिनींनी मात्र हातातली किटली खांबाशी टेकवली आणि माझ्यासमोर बसल्या.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ताईला पयल्या दिवसापासून ठावं व्हतं. तुझ्याकडं यायच्या आधी ती भाईंदरला हनीफचाचाकडं गेली व्हती. म्हातारा मेकॅनिक. डोळ्यांनी दिसंना म्हणून गॅरेज बंद करून गावाला चालला व्हता. त्यानं हात लावूनच सांगितलं तिला, ऊपर के ढक्कन से आता है बेटी, कोई गिअरबॉक्स उतारने को बोले तो उधर खडी मत रहना. खडूची पूड पण त्यानंच शिकवली."

बाई, ती पिशवीतली खडूची पूड मी आठ वर्षं तुमची हुशारी समजत होतो. मी आकडा सांगितला तेव्हा तुम्हाला माहीत होतं. खोक्यावर बसून पेपर तपासत होतात तेव्हा माहीत होतं. शाब्बास म्हणालात तेव्हाही. चाचाने तिथे उभं राहू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही माझ्या शेडमध्ये अर्धा तास बसून राहिलात, मला स्वतःहून बोलता यावं म्हणून. तुम्ही उठलात तेव्हा माझा फडक्याचा हात तुम्हाला दिसला होता का? हे वहिनींना विचारून उपयोग नव्हता.

मी म्हणालो, "मग त्या मला बोलल्या का नाहीत? एवढी वर्षं? मलाच कमी सांगितलं म्हणून झापलं, आणि स्वतः माझ्याबद्दल सगळीकडे..."

मी खरंच भांडायला लागलो होतो, बाई. सुतकाच्या घरी, तुमच्या भावजयीशी. खोटं मोठं सांगितलं काय, लहान सांगितलं काय, दोन्ही खोटंच, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग माझं एवढं मोठं खोटं तुम्ही 'नवीन होता, चुकला' एवढं लहान करून गावभर का सांगत होतात? समोर असतात तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. मला वाटतं, पहिल्यांदाच मी जिंकलो असतो.

वहिनी म्हणाल्या, "तूपन तिला सांगायचं व्हतंस."

"छाती झाली नाही."

"तिचीपन झाली न्हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "एकदा मी तिला म्हटलं, सांगून टाक त्या पोराला. तर म्हनाली, न्हाय मंदा. मला ठावं हाय असं त्याला कळलं, तर तो शरमेनं यायचा बंद व्हईल. प्रज्ञालापन पाठवायचा न्हाय."

मी चहा तसाच ठेवून निघालो. वाटेत गाडी दिसली, तुमच्या अंगणात, प्लॅस्टिकखाली. थांबलो नाही.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं, फडक्यासकट. तिने मग उठून प्रज्ञाच्या दप्तरातून ही पानं फाडून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

बाई, मी यायचा बंद झालो नसतो. पंधरा दिवस, फार तर महिनाभर, तोंड चुकवलं असतं. प्रज्ञाला सोडायला सुनंदाला पाठवलं असतं. मग एखाद्या रविवारी आलो असतो, फाटकाशी उभा राहिलो असतो, आणि तुम्ही हाक मारेपर्यंत हललो नसतो.